मधाच्या रंगाचे खोगीर

जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली, की निम्मे काम बाजारातच होऊन जाते. टायर-ट्यूब मिळते, चेन मिळते, ब्रेकचे रबर मिळते, गंजलेल्या मडगार्डच्या जागी नवे मडगार्डही मिळते. गाडे अडते ते सीटपाशी. रेक्झिनची किंवा फोमची सीट असेल तर ती काढून नवी बसवता येते. पण खऱ्या चामड्याची जुनी सीट असेल तर ती टाकवत नाही आणि आहे तशी बघवतही नाही. पुढचे टोक झिजून पांढुरके झालेले असते, मागच्या खिळ्यांभोवती काळी वर्तुळे पडलेली असतात, मधेच कधीकाळच्या तेलाचा डाग असतो. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "हिला एकदा रंग देऊन टाका की!"

देता येतो. घरच्या घरी, दोन-तीन दिवसांत, फारसा खर्च न करता देता येतो. मात्र चामडे म्हणजे अंगणातले लोखंडी फाटक नव्हे, की डबा उघडला आणि ब्रश फिरवला. रंग देण्याआधी हातात काय आहे ते ओळखावे लागते आणि एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते : चामड्याचा रंग गडद करता येतो, फिका करता येत नाही. पुढचे सगळे या एका वाक्यावर उभे आहे.

आमच्या घरी हा विषय निघाला तो आप्पांच्या सायकलमुळे. आप्पा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक होते. वडगावहून येळ्ळूरच्या शाळेत रोज सायकलने जात. ते गेल्यापासून सायकल मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती. यंदा आमच्या लेकीने ती कॉलेजला न्यायची ठरवली. मेकॅनिकने दोन दिवसांत बाकीची सायकल उभी केली. सीट मात्र तशीच. लेकीने मोबाइलवर कुठल्याशा विलायती सीटचे चित्र दाखवले. मधासारखा पिवळसर तपकिरी रंग, वर चकाकी. "बाबा, आपली सीट अशी करायची."

सौ.चे माहेर बैलहोंगलचे. चित्र बघून ती हसून म्हणाली, "म्हणजे जेनुबण्णद जीनु हवंय तुला!" आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांतच अशा कोट्या जमतात. जेनु म्हणजे मध, जीनु म्हणजे खोगीर, आणि मराठीतही घोड्याच्या खोगिराला जीन म्हणतातच. सगळे हसले. आई तेवढी हसली नाही.

"त्यांच्या सीटला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं तिच्यावर बसून शाळेत गेले ते. तुम्ही वरून रंग फासणार आणि ती दुकानातली होऊन बसणार."

"आजी, अशीच राहिली तर फुटून जाईल ती," लेक म्हणाली.

दोघींचेही खरे होते. न वापरलेले चामडे सुकते, आखडते आणि शेवटी तडकते. उलट वाटेल तसा रंग थापला तर त्याचे चामडेपण जाते, हेही खरे. आप्पांची सीट वापरात आणायची आणि तरीही ती आप्पांचीच राहिली पाहिजे, असा तो पेच होता. त्यामुळे नुसता रंग आणून मोकळे होण्याऐवजी मी थोडी माहिती काढली. ती सगळ्यांच्याच उपयोगाची आहे म्हणून आज या सदरात.

बेळगावकराला सायकलचे अप्रूप जुने. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी याच गावात सायकलचे दुकान काढले. धाकटे लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे काम करीत, तिथून ते सायकली पाठवीत आणि थोरले रामूअण्णा इथे त्या विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. पुढे नांगर आले, कारखाना आला, १९१० साली मंडळी किर्लोस्करवाडीला गेली. बेळगावात किर्लोस्कर रोड राहिला. त्या काळच्या सायकलींना चामड्याच्याच सीट असत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीचे नाव आजही सायकलवेडे लोक घेतात. ती १८६६ साली सुरू झाली तेव्हा घोड्यांचा चामडी साज बनवीत असे. सायकलच्या सीटचे पहिले पेटंट तिने १८८२ साली घेतले. म्हणजे आमच्या सौ.ची कोटी इतिहासालाही धरून आहे. घोड्याचे खोगीर करणारे हातच सायकलच्या सीटकडे वळले होते.

या जुन्या पद्धतीच्या सीटमध्ये गादी नसते. साधारण ५ मिलिमीटर जाडीचा चामड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून खिळ्यांनी ठोकलेला असतो. झोळी बांधावी तसा. बसणाऱ्याचे वजन तो चामड्याचा तुकडाच पेलतो. महिनोन् महिने बसल्यावर तो बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबतो आणि दोन बाजूंना दोन उथळ खळगे पडतात. म्हणून दुसऱ्याची चामडी सीट सुरुवातीला बोचते आणि स्वतःची आरामखुर्चीसारखी वाटते. ही रचना लक्षात ठेवली तर पुढची पथ्ये आपोआप कळतात. चामडे फार मऊ झाले, फार भिजले किंवा फार सुकले, तर नुसता रंग बिघडत नाही, बसायची जागाच बिघडते.

आता चामड्याकडे वळू. त्यासाठी मी सीट पिशवीत घालून शहापुरात एका वळणावर बसणाऱ्या समगार काकांकडे गेलो. चपला शिवण्यात त्यांचा जन्म गेला आहे. बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी. त्यांनी सीट हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली.

"सगळी वरनं बघत्यात, सर. कातडं खालनं बघायचं असतंय."

खालची बाजू लवदार होती. म्हणजे चामडे खरे. रेक्झिन असते तर खाली कापडाची वीण दिसली असती. मग त्यांनी कडेला, जिथे चामडे कापलेले असते तिथे, नखाने जरासे खरवडले. आतला भाग तपकिरी निघाला. "बाभळीचं हाय. क्रोमचं नव्हं." शेवटी पाण्याचा एक थेंब वर सोडला. थेंब आधी मोत्यासारखा उभा राहिला, कारण वर जुन्या मेणाचा थर होता. झिजलेल्या जागी सोडलेला थेंब मात्र लगेच आत शिरला आणि तेवढी जागा गडद झाली.

दोन मिनिटांच्या या तपासणीत सगळे आले. चामडे कमावण्याच्या मुख्य रीती दोन. जुनी रीत झाडांच्या साली-फळांची, नवी रीत क्रोमियमच्या क्षारांची. क्रोमची रीत झटपट होते आणि चामडे मऊ निघते. कापलेल्या कडेला ते बहुतेक वेळा निळसर-करडे दिसते. झाडपाल्याच्या रीतीला कित्येक दिवस, आठवडेही लागतात, पण चामडे घट्ट, आकार धरून ठेवणारे होते. ताणलेल्या सीटला हेच लागते.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. अथणी, निपाणी या बाजूला कोल्हापुरी चपलेसाठी कातडे असेच कमावत आले आहेत. चुन्यात मुरवून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपते आणि झिरपता झिरपता कातडे कमावले जाते. बाभळीने तांबूस रंग येतो, हिरड्याने पिवळसर. कानडीत बाभूळ म्हणजे जाली आणि हिरडा म्हणजे अळलेकायी. नावे वेगळी, पिशवी तीच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात आठ जिल्हे आले : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. एरवी सीमेच्या दोन बाजूंची नावे एका कागदावर क्वचित येतात.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझ्या आजीच्या काळात चामड्याची वस्तू माजघरात येत नसे आणि ती घडवणारा माणूस अंगणाच्या पुढे येत नसे. आपण चपला घातल्या, सायकलवर बसलो, ढोलकीच्या तालावर नाचलो, पण कातडे ओळखणाऱ्या हातांकडून काही शिकावे असे वाटले नाही. वास्तविक याच भूमीत बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणमध्ये चांभार हरळय्या आणि ढोर कक्कय्या हे शरण म्हणून मानाने बसत. कक्कय्यांची समाधी आपल्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत आहे असे परंपरा सांगते. हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरसाच्या मुलीशी झाला, त्यावरून कल्याणमध्ये केवढा गहजब झाला, ते कानडी वाचकांना सांगायला नको. मी काकांच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसून अर्धा तास जे शिकलो, ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले नसते.

लेकीचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला : हिचा मधासारखा रंग करता येईल का?

"करीदु केंपागूदिल्ल, सर," काका म्हणाले. "केंपु कर्रग आगतैती." काळ्याचे तांबडे होत नाही; तांबड्याचे काळे होते.

कारण सरळ आहे. भिंतीचा रंग पृष्ठभागावर बसतो आणि खालचे झाकतो, म्हणून काळ्या भिंतीवर पांढरा देता येतो. चामड्याचा रंग आत मुरतो आणि पारदर्शक असतो. आधीच्या रंगावर तो भर घालतो, आधीचा पुसत नाही. मधाच्या रंगाची नवी सीटसुद्धा ऊन, घाम, तेल आणि हाताळणी यांनी वर्षागणिक गडद होत जाते. आप्पांचीही कधीतरी मधाच्या रंगाचीच असणार! ती वाट उलटी चालता येत नाही. तीव्र रसायने लावून रंग उतरवायचे उद्योग काही लोक करतात. त्यात रंग डागाडागांनी उतरतो आणि चामड्याचा कस जातो. ऑइल पेंट किंवा एनॅमल तर मुळीच नको. ताणलेली सीट प्रत्येक खड्ड्यात वाकते. वरचा रंग वाकत नाही, तो तडकतो आणि त्याच्या खपल्या निघतात.

म्हणजे हातात पर्याय दोन : गडद तपकिरी किंवा काळा.

काळा करण्याची एक फार जुनी युक्ती आहे आणि तिला दुकानातला रंग लागत नाही. हिरड्या-बाभळीतला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, लोखंडाला भेटला की काळा होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिळून शाई करत ती याच गुणावर. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, कानडीत अन्नभेदी. जुन्या सीटच्या खिळ्यांभोवती जी काळी वर्तुळे दिसतात, तीही मळाची नसतात. पाऊस आणि घाम लागून लोखंड सुटते आणि चामड्यातल्या टॅनिनशी त्याची शाई बनते. आपण वर्षानुवर्षे ब्रशने घासतो आणि डाग का जात नाही म्हणून चिडतो. तो डाग नाहीच, ती शाई आहे.

हीच शाई मुद्दाम करायची असेल तर काचेच्या बरणीत पांढरे व्हिनेगर घ्यावे, त्यात तेल धुऊन काढलेले लोखंडी खिळे किंवा लोखंडी काथ्या टाकावा आणि आठवडाभर ठेवावे. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. नंतर फडक्यातून गाळून ते पाणी चामड्यावर फिरवले की बघता बघता राखाडी आणि मग काळा रंग चढतो. तो चामड्यातच तयार झालेला असल्याने कपड्याला फारसा लागत नाही. मागाहून चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून आंबटपणा मारावा लागतो. क्रोमच्या चामड्यावर किंवा रेक्झिनवर मात्र ही जादू चालत नाही, कारण तिथे टॅनिनच नसते. आणखी एक सावधगिरी. लोखंडाच्या शाईने लिहिलेले जुने कागद अक्षरांच्या जागी कुरतडल्यासारखे झालेले इतिहासाच्या अभ्यासकांनी पाहिले असतील. लोखंड आणि आम्ल जास्त झाले तर चामड्याचेही तेच होते. म्हणून हे पाणी सौम्य हवे आणि एकदाच लावायचे.

आम्ही काळा घेतला नाही. एक तर काळी सीट मे महिन्याच्या दुपारी अशी तापते की बसणारा उडून उठतो. दुसरे कारण आई. काळ्याने सगळेच बुजले असते. गडद तपकिरी रंग पारदर्शक असल्याने त्याखालून जुन्या खुणा दिसत राहणार होत्या; जिथे डाग होता तिथे जरा जास्त गडद, जिथे झीज होती तिथे जरा कमी. लेकीला एकसारखी दिसणारी सीट मिळणार होती आणि आईला ओळखीची. हे आईला समजावून सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "खालच्या बाजूला आधी लावून दाखवा."

आणि योगायोगाने तेच शास्त्र आहे. सगळी कृती आता क्रमाने सांगतो.

आधी सीट सायकलवरून उतरवावी. खालचे दोन्ही बाजूंचे नट पान्याने सैल केले की निघते. जागेवर रंगवायला गेल्यास रंग दांड्यावर आणि हातावर जास्त लागतो. मग कोरड्या ब्रशने धूळ काढावी. खिळ्यांच्या कडा आणि पुढच्या टोकाखालची खाच इथे माती बसलेली असते. त्यानंतर ओलसर फडक्याला सौम्य साबण, ग्लिसरीनचा असल्यास उत्तम, लावून पुसावे आणि दुसऱ्या ओलसर फडक्याने साबण काढावा. ओलसर म्हणजे ओलसरच. सीट नळाखाली धरू नये. सावलीत एक दिवस पूर्ण सुकू द्यावी. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुकवलेले चामडे आखडते.

दुसऱ्या दिवशी जुने मेण आणि पॉलिश उतरवावे. सुतार लाकडाच्या पॉलिशला वापरतात ते स्पिरिट फडक्यावर थोडे घेऊन हलक्या हाताने फिरवावे. फडके तपकिरी होत जाईल, होऊ द्यावे. चकाकी गेली आणि पाण्याचा थेंब सगळीकडे सारखा मुरू लागला, की थांबावे. या पायरीचा कंटाळा केला तर मेण राहिलेल्या जागी रंग घेतला जात नाही आणि सीट चित्त्यासारखी दिसते. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे. स्वयंपाकघराजवळ, समईजवळ नको. लहान मुलांना लांब ठेवावे.

रंग चपला-बुटांचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. चामड्यात मुरणारा, स्पिरिटमधला पातळ रंग मागावा. बुटांचे पॉलिश वेगळे. पॉलिश म्हणजे रंगीत मेण. बुटाला ठीक, पण सीटवर ते अंगाच्या उबेने पातळ होऊन कपड्यांना लागते. आप्पा धोतर नेसत आणि सीटला पॉलिश कधी लावू देत नसत, ते याचसाठी.

हातमोजे घालावेत, खाली वर्तमानपत्र पसरावे, लोखंडी भागांना चिकटपट्टी लावावी. पहिला हात खालच्या बाजूला, कडेशी, न दिसणाऱ्या जागी लावून बघावा आणि सुकल्यावर ठरवावे. ओला रंग नेहमी जास्त गडद दिसतो. मनासारखा वाटला की जुन्या सुती बनियनच्या घडीवर थोडासा रंग घेऊन वर फिरवावा. पहिला हात गोल गोल, दुसरा लांबीच्या दिशेने, तिसरा लागलाच तर आडवा. प्रत्येक हात पातळ आणि मध्ये न थांबता; मध्येच थांबलो की तिथे रेघ उमटते. दोन हातांच्या मध्ये काही तास जाऊ द्यावेत. तीन हातांवर सहसा जाऊ नये.

यानंतरची पायरी सीटच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. रंग पूर्ण सुकल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, स्वच्छ पांढऱ्या कोरड्या फडक्याने सीट दाबून घासावी. वर राहिलेला सुटा रंग फडक्यावर येतो. फडके बदलावे, पुन्हा घासावे. फडके पांढरेच्या पांढरे राही तोवर हे करावे. बुटाचा सुटा रंग राहिला तर बूट थोडा खराब दिसतो. सीटचा राहिला तर पोरीचा नवा ड्रेस जातो आणि मग घरात जे ऐकावे लागते ते रंगाच्या बाटलीपेक्षा महाग पडते.

स्पिरिटने चामडे कोरडे पडते, म्हणून शेवटी त्याला थोडा स्निग्धपणा परत द्यावा. रंग नसलेले, चामड्यासाठीचे मेण बोटावर घेऊन वर पातळ आणि खालच्या लवदार बाजूला जरासे अधिक लावावे, रात्रभर ठेवावे, सकाळी फडक्याने चोळावे. इथे आपल्याकडचा मोह खोबरेल तेलाचा. काकांनी निघताना दोनदा बजावले, "एण्णी कडिमी हच्चरी." तेल कमी लावा. चप्पल तेलात मुरवली तर ती पायाला मऊ लागते. ताणलेली सीट तेलात मुरवली तर ती मऊ होऊन झोळीसारखी लोंबते आणि मग खालचा लोखंडी सांगाडा बोचू लागतो. पुढच्या टोकाखाली ताण देण्याचा बोल्ट असतो, पण तो एका वेळी पाव आट्याहून अधिक पिळू नये आणि गरज नसताना पिळूच नये. खिळ्यांच्या जागी चामडे फाटते.

कोणत्या सीटला हात लावू नये, हेही सांगतो. खिळ्यांजवळ चीर गेली असेल तर रंगाचा उपयोग नाही. आधी कारागिराला दाखवावी. बोट फिरवल्यावर तांबडी भुकटी निघत असेल तर ते चामडे आतून संपले आहे. जुन्या ग्रंथांच्या चामडी बांधणीची अशी भुकटी ग्रंथालयात हाताला लागते. अशी सीट भिंतीवर शोभेला ठेवावी, तिच्यावर बसू नये. आणि रेक्झिनच्या सीटला हा रंग लावून बाटली वाया घालवू नये. तो तिच्यात मुरतच नाही.

आमची सीट चौथ्या दिवशी सायकलवर चढली. रंग चिंचेच्या पिकल्या चिंचोक्यासारखा आला, चित्रातल्या मधासारखा नाही. खिळ्यांभोवतीची वर्तुळे नीट पाहिली तर दिसतात. लेकीने दोन क्षण ती न्याहाळली आणि "चालेल" म्हणाली. या वयात ही मोठीच पावती. आई नंतर आली. तिने चष्मा न लावता, तळहाताने सीट चाचपली. डाव्या बाजूचा खळगा उजव्यापेक्षा जरा खोल आहे. आप्पा एका बाजूला कलून बसत. "हे तसंच आहे," ती म्हणाली आणि लेकीला सांगितले, "दोन-चार महिने बोचेल तुला. मग तुझी होईल."

तेव्हा वाचकहो, पडवीत अशी सायकल असेल तर उतरवा ती सीट आणि आधी उलटी करून बघा. मात्र हे काम मृग लागायच्या आत उरकायला हवे. बेळगावच्या पावसाळ्यात चामडे सुकता सुकत नाही आणि मेणावर बुरशी धरते. पावसात सायकल बाहेर लावायची वेळ आली तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. तरी भिजलीच तर फडक्याने टिपून सावलीत सुकू द्यावी आणि पूर्ण सुकेपर्यंत तिच्यावर बसू नये, कारण ओले चामडे ताणले जाते आणि मग तसेच राहते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मेणाचा पातळ हात पुरे. आणि काही अडलेच तर वळणावरच्या काकांकडे जा. त्यांना सल्ल्याचे पैसे विचारा. ते नको म्हणतील, तरी द्या.